शालिकची मान

तांडापेठ, नागपूर
९ फेब्रुवारी १९८४

चि. चंद्रकला हीस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. हात अजूनही आधी ‘सौ.’ लिहायले जाते, मग थांबते. इकडे तुझी वहिनी अन् मी बरे आहोत. तुझ्या सासूबाईचे गुडघे कसे आहेत ते लिही.

आता ज्यासाठी लिहून राहिलो ते. शालिकचा दयेचा अर्ज फेटाळला. मार्चमध्ये फाशी ठरली. रेशीम चोरल्याचा आळ घेऊन तुझ्या सासरच्यांनी हातमागाच्या कामावरून काढलं म्हणून त्यानं भर दुपारी तुझा नवरा रुपराव अन् सासरा चंपतराव कुऱ्हाडीनं मारले. आपला भाऊ निर्दोष आहे असं मी म्हणत नाही, गोपाळराव वकीलही म्हणत नाहीत. पण त्यांनी एक वेगळी गोष्ट काढली. मागच्या साली दिल्लीच्या मोठ्या कोर्टानं फाशी चालते म्हणून सांगितलं, कारण त्यात जीव लवकर जाते, माणूस तडफडत नाही. शालिकच्या मानेले लहानपणी क्षय झाला होता, मणके एकमेकांत जुळून गेले. धंतोलीच्या हाडाच्या डॉक्टरनं एक्स-रे पाहिला. ते म्हणाले, ही मान दोरावर कशी वागेल ते कोणी सांगू शकत नाही, जीव जायले फार वेळही लागेल. सरकारी डॉक्टर म्हणतात, काही फरक पडत नाही. गोपाळरावांनी इथल्या हायकोर्टात अर्ज टाकला.

त्या दुखण्यात त्याचे हातपाय लुळे पडले होते का, म्हणजे रोग आतल्या नसेपर्यंत गेला होता का, हे कोर्टाले पाहिजे. दवाखान्यात जुने कागद नाहीत. माय-बाबा गेले. मी तेव्हा नागपुरात गिरणीत होतो. त्याले सांभाळलं ते तू. येऊन सांगशील का? तुले हे मागायची मले लाज वाटते, पण दुसरं कोणी नाही.

लोभ होता तसाच असू दे.
तुझा दादा, आनंदराव

उमरेड
१६ फेब्रुवारी १९८४

ती. दादास शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र चुलीत टाकलं. पण त्याआधी पाठ झालं होतं.

असं काहून मागतोस गा दादा? ह्यांचा जीव जायले किती वेळ लागला ते कोर्टानं विचारलं का? मी होते तिथं. मामंजी तर दिवस मावळेपर्यंत जिवंत होते, पाणी मागत होते.

लोक सासूबाईले म्हणत, खुन्याच्या बहिणीले घरात काहून ठेवता. त्या म्हणाल्या, दोघीच बाया उरलो, हिलेही काढली तर मी बोलू कोणाशी. त्या माउलीले मी काय तोंडानं सांगू? मी येणार नाही.

त्याले झोप येते का? नको, सांगू नको.

वहिनीस नमस्कार. राग मानू नये.
चंद्रकला

नागपूर
२७ फेब्रुवारी १९८४

चि. चंद्रकला हीस आशीर्वाद. वि. वि. सुनावणी होईपर्यंत कोर्टानं फाशी थांबवली. सुनावणी मार्चच्या मध्यात आहे. मी पुन्हा मागणार नाही. तुझी वहिनी म्हणते, नणंदबाई एवढ्या रागावल्या म्हणजे अजून आपल्याच आहेत.

फक्त कळवून ठेवतो. सरकारी वकिलानं लेखी दिलं की हातपाय लुळे पडल्याची गोष्ट म्हणजे घरच्यांची बनवाबनवी आहे. गोपाळराव म्हणतात, याले आपल्याजवळ उत्तर नाही. शालिकले तुरुंगात मुलाखतीले भेटलो. तुले लिहिलं हे त्याले सांगितलं नाही. मले जेवण जात नाही.

तब्येतीले जपावं.
दादा

उमरेड
८ मार्च १९८४

ती. दादास शि. सा. न. वि. वि. बनवाबनवी हा शब्द मले लागला. तो अख्खा उन्हाळा खाटेवर होता. पाय ओढले जात, उजवा हात मेल्यासारखा. माय मागावर बसे, अन् मी त्याले भात भरवायची, तिळाचं तेल कोमट करून तो हात चोळायची. पावसाळ्यात एक दिवस त्यानं आपल्या हातानं गिलास उचलला. मी गल्लीभर धावत सांगत सुटले होते. हात वाचला दादा, अन् त्याच हातानं पुढं काय केलं! हे मले खाऊन राहिलं. पण जे झालं ते झालं नाही असं कोणी म्हणावं, हेही मले सहन होत नाही.

सासूबाईले सांगितलं. त्या दिवसभर जेवल्या नाहीत. मग म्हणाल्या, जायचं तर जा वं, पण मले विचारू नको; मी हो म्हटलं तर माझ्या लेकाले काय वाटेल?

मी सुनावणीच्या दिवशी येते सकाळच्या एस.टी.नं. स्टँडवर ये. परत आल्यावर हे दार माझ्यासाठी उघडेल की नाही, माहीत नाही.

चंद्रकला

नागपूर
३० जुलै १९८४

चि. चंद्रकला हीस अनेक आशीर्वाद. वि. वि. आधी बातमी. कोर्टानं सरकारले फेरविचार करायले सांगितलं होतं, तो झाला. फाशी रद्द, जन्मठेप झाली. गोपाळराव म्हणतात, फाशी चूक असं कोर्ट म्हणालं नाही. एवढंच म्हणालं की या माणसाची मान पाहता तडफडणार नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही. तुझ्या सांगण्यानं रोग नसेपर्यंत गेला होता यावर दोन्ही डॉक्टरांचं मत एका जागी आलं.

सरकारी वकिलानं तुले विचारलं की भाऊ वाचावा असं वाटते ना, ते मी विसरत नाही. तू म्हणालीस, वाटते की नाही मले कळत नाही, हात लुळा होता हे कळते.

शालिकले कळलं, तू आली होतीस. भेटायले बोलावते. तिकडचं तू काहीच लिहिलं नाहीस. जीव टांगणीले लागला आहे.

दादा

उमरेड
१२ ऑगस्ट १९८४

ती. दादास शि. सा. न. वि. वि. लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं नव्हतं. मार्चमध्ये नागपूरहून परत आले त्या दिवशी दाराले आतून कडी होती. शेजारच्या उत्तराबाईकडं राहिले. सकाळी सासूबाई तिथं आल्या, म्हणाल्या, माग रिकामा पडला, चल. तेव्हापासून एका घरात आहोत, पण बोलणं कामापुरतं.

तुझी बातमी वाचून दाखवली. सासूबाईनं एवढंच विचारलं, तो आमच्या माणसायचं नाव घेते का? दादा, तू त्याले विचार. तो काय म्हणाला ते जसंच्या तसं लिही, माझ्यासाठी गोड करू नको. मग मी येईन की नाही ते पाहू.

चंद्रकला

नागपूर
३ सप्टेंबर १९८४

चि. चंद्रकला हीस आशीर्वाद. वि. वि. विचारलं. जसंच्या तसं लिहितो.

आधी खाली पाहिलं. मग म्हणाला, चंपतराव. मग म्हणाला, रुपराव. रडला नाही. शिपाई उठवायले आला तेव्हा म्हणाला, ताईले सांग, येऊ नको, मले तोंड नाही दाखवायले.

मी फाटकाकडं वळलो, तर मागून हाक मारली अन् विचारलं, दिवाळीले येईल का ती?

सासूबाईले माझा दंडवत सांग. तुझी माया आहे तशीच राहो.
दादा