उत्तराचं विरजण

१८ नोव्हेंबर, मंगळवार

गादी उचलली. बस्स, एवढंच. चादरीची घडी घातली, उशा कपाटात टाकल्या आणि मोठा तीर मारल्यासारखा गॅलरीत जाऊन उभा राहिलो!

आयडिया क्षिप्राची. काल फोनवर म्हणाली, "बाबा, मोठं काही ठरवू नकोस. एकच गोष्ट, रोज. इतकी छोटी, की नाही म्हणायला लाज वाटेल." लेक कॉलेजात गेली आणि आमची गुरू झाली.

दिवाळीनंतर तिची आई, उत्तरा, तिला घेऊन ठाण्याला बाळकुममध्ये भाड्याच्या घरात गेली. जाताना म्हणाली, "तुझी नोकरी गेली म्हणून नाही जात मी, आनंद. तू उठतच नाहीस म्हणून जातेय." कंपनीला टाळं लागलं आणि मी सोफ्यावर आडवा झालो, तो वर्षभर. तिचं खरं होतं. खरं असलं की जास्त झोंबतं.

१९ नोव्हेंबर

गादी.

२० नोव्हेंबर

गादी. शिवाय दाढी. कोण बघणार आहे, देव जाणे.

२३ नोव्हेंबर, रविवार

फ्रिजमध्ये अगदी मागे दह्याचं पातेलं सापडलं. उत्तराच्या हातचं शेवटचं! आंबट ढाण झालेलं, वर पिवळं पाणी. तिला फोन केला. "अजून आहे ते? फेकून दे रे!"

नाही फेकलं. तिच्या आईने लग्नात स्टीलच्या डबीत घालून दिलेलं विरजण आहे ते. आई गेल्या, विरजण चालू राहिलं. रोज कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात. बाळंतपणाला गेली तेव्हासुद्धा शेजारच्या आवडाबाईंकडे थोडं देऊन ठेवलं होतं, न जाणो माझ्या हातून गेलं तर! तेव्हाच ओळखून होती मला.

दूध कोमट केलं, चमचाभर घालून ढवळलं. आता ही दुसरी गोष्ट, रोजची.

२४ नोव्हेंबर

लागलं नाही. दूध जसंच्या तसं, माझ्याकडे बघत बसलेलं. चिडून पुन्हा आडवा झालो. गादी नाही उचलली.

२६ नोव्हेंबर

आवडाबाई म्हणाल्या, "अहो, थंडी पडलीये. पिठाच्या डब्यात ठेवा पातेलं. ऊब मिळाली की लागतं."

लागलं! घट्ट, कवडीदार! ओट्याशी उभा राहून एकट्याने खाल्लं. "बघ गं" म्हणायला वळलो, तर मागे कोणी नाही.

७ डिसेंबर, रविवार

गादी, दही, आणि गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी. तिन्ही जमतायत आता. पण ज्याच्यासाठी चाललंय ते माणूस बाळकुमला.

आज तिची केसांची क्लिप सोफ्याच्या फटीत सापडली. म्हणजे वर्षभर मी तिच्यावरच लोळत होतो की काय! टेबलावर ठेवली. जाता-येता दिसते. आठवण येते, फार येते. सकाळी ती पडदे सरकवायची त्या आवाजाचा राग यायचा मला. आता स्वतः सरकवतो तर तसा आवाजच येत नाही.

१४ डिसेंबर, रविवार

गाढवपणा! दुपारी कढी केली. आयुष्यातली पहिली, आणि झकास जमली. त्या आनंदात सगळं दही घुसळून टाकलं. विरजणापुरतं चमचाभर बाजूला ठेवायचं राहिलं. संध्याकाळी पातेलं घासून झाल्यावर लक्षात आलं. आईंपासूनचं चालत आलेलं, माझ्या एका कढीत खलास.

तसाच आवडाबाईंच्या दारात गेलो. त्या हसल्या. "उत्तराने दिलेलंच लावते मी अजून. तेच आहे." मी वाटी पुढे केली, तर हात मागे! "आत्ता नाही. दिवे लागलेत. तिन्हीसांजेनंतर विरजण देत नाहीत घरातलं. सकाळी या. पण लवकर हं, मी उजाडताच टेंभी नाक्याला लेकीकडे निघते."

काय हे! एक चमचा दही, त्याला मुहूर्त!

१५ डिसेंबर

अंधारातच उठलो. गजराच्या आधी! आवडाबाई दाराला कुलूप लावत होत्या. मला बघून त्यांनी पिशवी खाली ठेवली. "आलात! मला वाटलं, कसले येताय."

मलाही तसंच वाटलं होतं.

५ जानेवारी, सोमवार

विठ्ठलवाडीला मुलाखत. छोटंसं गोदाम, स्टोअर सांभाळायचं काम. मी महत्त्वाच्या कामाला निघालो की उत्तरा हातावर दही ठेवायची. आज स्वतःच डाव्या हाताने उजव्या तळव्यावर ठेवलं, चाटलं आणि स्वतःलाच म्हटलं, "नीट जा." रडू आलं, खोटं कशाला लिहू. पुन्हा तोंड धुऊन निघालो.

८ जानेवारी

काम मिळालं! क्षिप्रा फोनवर किंचाळली. मागून उत्तराचा आवाज, "काय झालं गं?" तेवढाच ऐकला.

१४ जानेवारी, संक्रांत

उत्तरा आली. क्षिप्राची दुलई न्यायला. तिळगूळ दिला. घरभर नजर फिरवली, कुंड्या पाहिल्या, टेबलावरची क्लिप पाहिली. "उठतोस?" म्हणाली. म्हटलं, "उठतो."

दही पुढे केलं. बोटाने चाखलं, पुन्हा चाखलं. मग म्हणाली, "आईचंच आहे रे हे. तू फेकलं नाहीस?"

माझी आशा अशी वर आली! आणि तेवढ्यात दारात पोचून ती म्हणते, "थोडं विरजण दे ना. तिकडे विकतच्या दह्याने लागतच नाही."

विरजण नेणारं माणूस पाहुणं राहिलेलं नसतं तिथे. त्याने तिथे संसार मांडलेला असतो. डबी शोधायला वळलो. खिडकीबाहेर सोसायटीचे दिवे लागले होते.

म्हटलं, "आत्ता नाही. तिन्हीसांजेनंतर देत नाहीत. सकाळी ये."

"हे कधीपासून पाळायला लागलास?"

"सकाळी उठायला लागलो तेव्हापासून."

हसली. दुलई घेऊन गेली. आता वाटतंय, काय हा शहाणपणा केला! दोन चमचे दिलं असतं तर काय बिघडलं असतं? बाळकुमहून डोंबिवलीला सकाळी विरजणासाठी कोण येतं?

१५ जानेवारी

गादी उचलली. दही छान लागलंय. बेल वाजली, दूधवाला समजून दार उघडलं. उत्तरा!

"डबी नाही आणलीस?"

"कशाला?" म्हणाली, आणि बॅग आत ठेवली.