धान उठल्याशिवाय चेंडू नाही

४ नोव्हेंबर १९८१
आज पुन्हा खेळ नाही. भाताच्या मिलच्या फरशीवर उसन्याचं, उकडून वाळत घातलेलं धान पसरलंय, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बास्केटचा खांब मधोमध उभा, तळ्यातल्या बगळ्यासारखा. मिलमालक शेठनं तो आपल्या पोरासाठी रोवला होता. पोरगा नागपूरला शिकायला गेला आणि खांब आम्हा मोहल्ल्यातल्यांच्या नशिबी आला. अट एकच, धान उठल्याशिवाय चेंडू नाही. आणि धान कधी उठवायचं हे ठरवणार कोण, तर माझीच माय! वाळवणाऱ्या बायांची ती मुकादम. दिवसभर पायांनी धान चाळत फिरते, दाणा दाताखाली धरते आणि मान हलवते. "कच्चं हाये अजून. जाय घरी."
रम्या म्हणाला, "तुही माय रेफ्री हाये बे." हसलो. पण मी बारावी नापास, जानेवारीत नागपूरला रेल्वेच्या बास्केटबॉल संघाची निवड चाचणी. हसण्यासारखं काही नाही.

११ नोव्हेंबर
आम्हाला खेळ शिकवणाऱ्या कटरे सरांनी बातमी आणली. मुंबईहून माहितीपट काढणारे येतायत. विषय काय, तर बास्केटबॉलवर नोकरी मिळवू पाहणारी तुमसरच्या मिल-मोहल्ल्यातली पोरं. म्हणजे आम्ही! सर म्हणाले, "टॉकीजमधी पिक्चरच्या आधी दाखवतेत. रेल्वेचे साहेब बी पाह्यतेत."
केस कापून आलो.

१९ नोव्हेंबर
आले. एक साहेब, एक कॅमेरावाला, आणि कानांवर डबडी लावलेला एक जण, हातात काठी, काठीच्या टोकाला माईक. कुणी शिंकलं तरी तो टिपून घेतो.
साहेबांनी बोलायला मलाच उभं केलं. पुस्तकातली भाषा बोलता बोलता घाम फुटला. "आई काय करते?" म्हटलं, "मिलमध्ये असते." "काय काम?" तोंडातून निघालं, "देखरेख."
माय तिकडे फरशीच्या कडेला धानात पाय ओढत चालली होती. तिला ऐकू गेलं नसावं. मुकादम म्हणजे देखरेखच की, खोटं काय त्यात? तरी जेवताना तिच्या पायांकडे बघवलं नाही.

२० नोव्हेंबर
दुपारी बाया शिदोरी खायला गेल्या. साहेब घड्याळ बघत होते. म्हणाले, "थोड्या वेळात ऊन जाईल. नाहीतर भंडाऱ्याची मुलं आहेतच, तिकडे जाऊ." ते ऐकलं आणि डोकंच फिरलं. मीच लाकडी फावडं उचललं. रम्यानं विचारलं, "मायले विचारलं का बे?" म्हटलं, हो. धान ओढून कडेला ढीग केले, वर ताडपत्री.
माय धावत आली. तोंडात घास तसाच. "काहून उचललं रे? धान कच्चं हाये! उबून जाईन!" कॅमेरा सुरू, लुगडं खोचलेलं, पाय घोट्यांपर्यंत भुश्यानं माखलेले, आणि आवाज तर पार स्टेशनपर्यंत जाणारा. लाज वाटली मला. तिची. हसून म्हटलं, "होते वं माय. जाय नं तू."
खेळलो मात्र असा की आजवर कधी खेळलो नाही. नंतर साहेबांसोबत हॉटेलात आलूबोंडे खाल्ले. धान परत पसरायचं राहून गेलं. तोवर ऊनही उरलं नव्हतं.

२१ नोव्हेंबर
सकाळी ताडपत्री उचलली तर वाफ निघाली. धान पिवळं पडलेलं, आंबूस वास. मिलच्या मुनीमजींनी ढिगात हात घातला आणि झटकन मागे घेतला.
"कोनं उचललं हे?"
मी खांबाजवळ उभा होतो. रम्या माझ्याकडे बघत होता. माय म्हणाली, "म्याच उचललं, मुनीमजी. ढग दिसले मले."
काल आभाळात बोंडाएवढाही ढग नव्हता. मुनीमजी काही परगावचे नाहीत, त्यांनाही ते ठाऊक. पण त्यांना नाव हवं होतं आणि तिनं आपलं दिलं. मुकादमकी गेली, मिलही गेली. "उद्यापासून येऊ नोको," एवढंच बोलले.
 काल हिच्या आवाजाची लाज वाटली होती, आज माझा आवाज कुठं मेला होता?

२२ नोव्हेंबर
मायला म्हटलं, शेठकडे जाऊन खरं ते सांगतो. ती भात वाढत होती. म्हणाली, "सांगशीन त खांब उपटून फेकतीन. मंग नागपूरले कायच्या भरोशावर जाशीन? मी कोठीबी काम करीन. आधी तुही नौकरी लागू दे."
ऐकलं मी. लगेच ऐकलं. जन्मात तिचं इतक्या चटकन कधी ऐकलं नव्हतं.

३० जानेवारी १९८२
चाचणीत निवडलं. जूनपासून संघासोबत सराव, नोकरीचं त्यानंतर बघू म्हणाले. मोहल्ल्यात पेढे वाटले. माय रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडते, ती उशिरा आली. मिलमधली एक बाई पेढा घेत म्हणाली, "तुही माय चुकली त चुकली, पोरगं त निंगालं." मी तिला दुसरा पेढा दिला. तेवढंच करू शकलो. थू माझ्यावर.

९ मे
टॉकीजमध्ये आमचं रीळ लागलं. संध्याकाळच्या खेळाला सगळा मोहल्ला. मायनं पेटीतलं लुगडं काढलं. मी नको नको म्हणत होतो, तिनंच ओढत नेलं.
आधी पडद्यावर पाय आले. नुसते पाय, धानात वाट पाडत चाललेले. बाया ओरडल्या, "हे त तुहेच पाय हायेत वं!" त्या पायांवर माझा आवाज: "देखरेख." टॉकीज हसली.
मग मी, फावडं हातात. मग माय, तोंडात घास. "काहून उचललं रे? धान कच्चं हाये! उबून जाईन!" आणि मी हसतोय, दात काढून. निवेदक हिंदीत लगन, मेहनत असलं काहीतरी सांगत होता. पुढच्या रांगेतून शिट्ट्या वाजल्या. मिलच्या बाया वळून माझ्याकडे बघू लागल्या.
मान वर करवेना. माय कानाशी म्हणाली, "माहा आवाज असा हाये का रे? लय मोठा हाये."
मध्यंतरात मुनीमजी खुर्च्यांतून उठून आमच्याजवळ आले. मायकडे बघणं त्यांना जमलं नाही. मला म्हणाले, "उद्या शेठ येऊन राह्यले पाह्याले." आणि गेले.

१० मे, सकाळ
शेठनं पडद्यावर बघण्याआधी त्यांना माझ्या तोंडून कळायला हवं. मायला सांगितलं. म्हणते, "सराव सुरू होऊ दे. रीळ हाये ते, चार दिवसांनं जाईन." जाईलही. पण तोवर प्रत्येक खेळाला ती ओरडणार, धान कच्चं हाये, आणि प्रत्येक खेळाला मी हसणार.
शर्ट घातलाय, चपला घातल्यात. मिलचा भोंगा झाला. माय सूप घेऊन दारातच तांदूळ निवडत बसलीय. उठत नाही.