तुळसाबाईसाठी हॉटस्पॉट

२७ एप्रिल २०२५, रविवार. बालाघाट.
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. पण प्रोजेक्ट मोठा आहे, नोंद पाहिजे.

तुळसाबाई नागपूरला बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं, पण डॉक्टर म्हणतात दीड महिना प्रवास नाही. आमच्या संघमित्राचं लग्न १८ मेला. म्हणजे बाई येत नाही.

बाई माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. मला बाईने वाढवलं आणि पुढे संघमित्रालाही पाचवीपर्यंत तिनेच. लग्न गावच्या विहारात व्हावं, हा हट्टही तिचाच.

फोनवर रडली. म्हणे, मले बाकी काही नाई पायजे टिकाराम, पोरगी हार घालन तवाचं तिचं तोंड तेवढं पाह्यलं असतं. मी जागच्या जागी शब्द दिला. बाई, तू पलंगावरून सगळं लाइव्ह पाहशील.

फोन ठेवल्यावर आठवलं की लामत्याच्या पुढे आमच्या गावात नेटवर्क फक्त विहाराच्या स्लॅबवर येतं. खाली एक काडीसुद्धा नाही. हरकत नाही. अडचण आली की माझं डोकं चालतं.

२९ एप्रिल
उपाय सापडला. पत्त्यांच्या कॅटएवढा एक कॉम्प्युटर बोर्ड मिळतो. त्याला डोंगल लावायचं आणि स्लॅबवर ठेवायचं. तो खाली अंगणात वायफाय पसरवतो. लग्न झालं की काढून घरी. तात्पुरता हॉटस्पॉट. व्हिडिओतला पोरगा म्हणतो, बारा मिनिटांत होतं. मला आठ पुरतील. खदानीच्या इलेक्ट्रिकल स्टोअरमध्ये एकतीस वर्षं बाबू होतो. भरवेलीच्या खदानीत जेवढी वायर गेली, ती माझ्या सहीने गेली.

संघमित्रा म्हणाली, पप्पा, सीधा एक फोन ऊपर रख दो ना, हॉटस्पॉट चालू करके. मी समजावलं की मे महिन्याच्या उन्हात फोन तापून बंद पडतो. ती म्हणाली, और बोर्ड नहीं तपेगा? मी तिला पत्रिकांचं काय झालं ते विचारलं.

५ मे
बोर्ड आला. त्याला चालू-बंदचं बटणच नाही. दुकानदाराला फोन करून झापणार होतो, तेवढ्यात कळलं की असंच असतं.

मेमरी कार्ड लागतं. टीव्हीच्या खालच्या खणात एक पडलेलं होतं. त्यावर सिस्टिम टाकली. पहिल्या फटक्यात बसली.

संध्याकाळ. त्या कार्डात संघमित्राच्या साखरपुड्याचे, साक्षगंधाचे फोटो होते, ते पुसले गेले. हिने, म्हणजे संघमित्राच्या आईने, ताट आदळून वाढलं. तसं पाहिलं तर साक्षगंधाचे फोटो परत कोण पाहतं?

७ मे
बोर्डावर हिरवा दिवा लुकलुकतो. हॉटस्पॉट नाही.

८ मे
दिवा आहे. हॉटस्पॉट नाही. मंडप, हलवाई, गाड्या, सगळं ही एकटी पाहते आहे. मी टेक्निकल साइड सांभाळतो आहे. आज म्हणाली, तुमचा बोर्ड पंगतीत वाढाले येनार हाय का? लक्ष दिलं नाही.

९ मे
मी कोणत्या देशात आहे हे बोर्डाला सांगितलं नव्हतं, म्हणून त्याने वायफाय दाबून ठेवलं होतं. एवढा हुशार कॉम्प्युटर, आणि बालाघाट कुठल्या देशात आहे हे आपण सांगायचं. संघमित्राने ब्लाउज ट्रायल करून येता येता दोन मिनिटांत शोधलं. मी त्याच ठिकाणी पोहोचत आलो होतो.

४.१० वाजता हॉटस्पॉट दिसला. नाव ठेवलं 'तुळसाबाई'. पासवर्ड सोळा अक्षरी, कोणी फोडू शकणार नाही असा.

४.५०. पासवर्ड आठवत नाही.

१० मे
नवा पासवर्ड: एक ते आठ आकडे. टेबलावर बोर्ड, टेबलावरच फोन, स्पीड झकास. नागपूरला रवीला फोन लावला. रवी म्हणजे बाईचा मुलगा. म्हटलं, बाईला सांग, काम फत्ते.

११ मे, रविवार. गाव.
ट्रायल. ऊन लागू नये म्हणून बोर्ड स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं आणि स्लॅबवर ठेवला. खाली काहीच येईना. दोन तास शिडीवरून वर-खाली. शेवटी विहारात झाडायला आलेल्या दुर्गाबाई म्हणाल्या, भाऊ, डबा तं उघडून पाहा, काहून बंद करून ठेवला? उघडला. आलं. स्टीलमधून वायफाय जात नाही. आता बिस्किटांचा प्लास्टिकचा डबा घेणार. गुडघे दुखतात.

१२ मे. बुद्ध पौर्णिमा.
आज प्रोजेक्टला सुटी. विहारात वंदना. शेजारच्या मांडवात जनरेटर असा धडधडत होता की भंतेजी पंचशील देत होते ते कोणाला ऐकूच आलं नाही. कितवं शील चाललं ते बोटांनी मोजून आपलं आपण म्हणायचं. फार वाईट वाटलं.

संकल्प: माझ्या पोरीच्या लग्नात हे होणार नाही.

१५ मे
तीन मोठे निर्णय.

एक, व्हिडिओवाल्याला नको म्हटलं. लाइव्ह आपोआप रेकॉर्ड होतं. फोटोवाला पुरे. ही बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. कौतुकाने असावं.

दुसरा जनरेटरचा. तो महागूचा. महागू माणूस चांगला, पण कोणीही काही सांगितलं की तसं करतो. म्हणून कागदावर लिहून दिलं: माईकवर 'वंदना' म्हटलं की जनरेटर बंद. हार घालून फुलं पडेपर्यंत चालू करायचा नाही, कोणीही सांगितलं तरी. खाली सही केली. माईक बॅटरीवर चालतो, म्हणजे भंतेजींचा प्रश्न नाही. त्याने घडी घालून खिशात ठेवला. म्हणे, हौ साहेब, जसं लिहून देल्लं तसं.

आणि तिसरा. संघमित्राने बोर्डासाठी तिची पॉवरबँक पुढे केली. मी हसलो. जनरेटर असताना पॉवरबँक म्हणजे पोरखेळ. बालाघाटला कपाटात ठेवून दिली.

१८ मे, रविवार. गाव.
सकाळी ७. गावची लाइन सहापासून गेलेली. मी तयारच होतो. महागूचा जनरेटर चालू, बोर्ड चालू, दिवा हिरवा.

९.३०. रवीचा मेसेज: मामा, एकदम क्लिअर दिसून राह्यलं. बाई पांढरी साडी नेसली आहे. दवाखान्यातल्या पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करून बसली आहे. वॉर्डातल्या दोन बायकाही पाहायला आल्या आहेत. मी मेसेज दोनदा वाचला.

११.२०. लोकेशची वरात आली. जावई उंच आहेत. आता लिहायला वेळ नाही.

दुपारी ३. विहाराच्या मागे, खुर्चीवर.
क्रमाने लिहितो.

फोन मंचासमोर स्टँडवर होता. काचेवर धूळ दिसली म्हणून मी वाकून रुमालाने पुसली. तेवढ्यात माईकवर आलं, वंदनेसाठी सर्वांनी उभं राहावं. महागूने जनरेटर बंद केला. काय शांतता पसरली. चार सेकंद मला फार बरं वाटलं.

मग फोनवर ते गोल चाक फिरायला लागलं.

बोर्ड जनरेटरवर होता.

शिडीने वर गेलो. का गेलो, सांगता येत नाही. वर जाऊन लाइट येत नसते. खाली सगळे हात जोडून उभे, त्यामुळे ओरडता येईना. मी महागूकडे पाहून दोन्ही हात हलवले. त्याने खालून मला हात जोडले. मी पुन्हा हलवले. त्याने खिशातून कागद काढला, उलगडला आणि माझ्याकडे धरला.

पंचशील मात्र स्वच्छ ऐकू येत होतं. शेवटच्या ओळीपर्यंत.

मी वायर काढून परत लावत होतो तेव्हा टाळ्या झाल्या. फुलं टाकली. महागूने जनरेटर चालू केला. बोर्डावर फक्त लाल दिवा लागला, हिरवा नाही. अचानक लाइट गेली की कधी कधी कार्ड बिघडतं. व्हिडिओच्या शेवटी तसं सांगितलं आहे म्हणे. मी शेवटपर्यंत पाहिला नव्हता.

महागू येऊन विचारून गेला, साहेब, बराबर केलं ना? मी हो म्हटलं.

१९ मे. बालाघाट.
पोरगी काल संध्याकाळी लोकेशच्या घरी, बैहरला गेली. घर मोकळं झालं.

सकाळी ही फुलांच्या माळा गोळा करता करता म्हणाली, वर नेटवर्क होतं ना? तं फोन घेऊनच वर जायाचं. वरून तिचं तोंड चांगलं दिसलं असतं बाईले. मी म्हटलं, ते टेक्निकली वेगळं असतं. ते वेगळं नसतं. फोन खाली स्टँडवरच राहिला होता.

नागपूरला फोन करायची हिंमत होत नव्हती. बाईचाच आला. रागावली नाही. म्हणे, मले दिसलं ना. तू दिसला. वाकून पाहत होता, डोळे मिटले होते. तसाच राह्यला एक वाजेपर्यंत. रवी बंद करून राह्यला होता, मी म्हटलं राहू दे, आता चालू होईन. वंदनेची वेळ झाली तशी बाईने माझ्या त्या अडकलेल्या तोंडापुढेच हात जोडले आणि पंचशील म्हटलं. वॉर्डातल्या बायकांनीही म्हटलं.

फोटोवाल्याने हार घालतानाचा एक फोटो पाठवला होता, तो मी रवीला पाठवला. बाईने फोन चालू ठेवूनच पाहिला. म्हणाली, तोंड तं छान दिसून राह्यलं. पन सगळे पोरीकडे पाहून राह्यले अन् ती वर कोनीकडे पाहून राह्यली?

मी फोटो पाहिला. हातात हार, आणि मान वर. फोटोत स्लॅब येत नाही. तिथे कोण होतं ते मला माहीत आहे. माझ्या पोरीचं लग्न मी पाहिलं नाही.

मी बाईला सांगितलं, मांडवातला पंखा बंद पडला होता, तिकडे पाहत असेल.

बाईने रवीला फोटो मोठा करून दाखवायला सांगितलं. मग म्हणाली, हौ, गर्मी तं होतीच.