कमलनं शिकलेली सीताफळाची कॉफी

येरमाळा. शुक्रवार, दसऱ्यानंतरचा. सन ८६.

डोकं फिरलंय. दुपारी कमल घरी आली. वाटलं, आज मनातलं बोलूनच टाकावं. ती आली होती सीताफळाची कॉफी शिकायला! उद्या तिला बघायला येणार आहेत. मुलगा साखर कारखान्यात क्लार्क.

ही कॉफी मी तिच्यासाठीच शोधली होती. कॉलेज सोडून आलो, त्या रिकाम्या दिवसांत.

घाईत तिनं गर उकळत्या कॉफीत ढवळला. सीताफळ तापलं की कडू होतं. ती कप ओतून टाकायला निघाली तशी आई ओरडली, "अगं ए, दुष्काळात दूध फेकतीस व्हय? डेअरीला न घालता तुमच्यासाठी ठेवलंय!"

तो कडू कप मीच पिलो. दुसऱ्या वेळी कॉफी गार करून गर घातला. ती तिनं पिली. "लई भारी झाली रे!"

उद्या तिची आई पाहुण्यांना सांगणार, सगळं पोरीनंच केलंय. सगळ्याच आया सांगतात. तो कडूपणा जिभेवरनं जाईना.

"कुणी शिकवलं विचारलं तर?" मी म्हणालो.

"आईनं, म्हणीन. तुझं नाव कशाला घेऊ?"

दारातनं ती परत वळली. मला वाटलं, आता तरी काही...

"तुमच्या नव्या कपबश्या देतोस का उद्यापुरत्या? आमच्यांचे कान तुटलेत."

दिल्या. फुटू नयेत म्हणून एकेक कागदात गुंडाळली आणि मीच तिच्या घरी पोचवून आलो.