हिरवा दोरा गुंडाळलेले दोन तुकडे

मी, येसूबाई कमलाकांत पागधरे, वय बावन्न, राहणार नवापूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, पूर्ण शुद्धीत, कोणी भरीस न घालता लिहीत आहे. पोटातले दुखणे बरे होणारे नाही, असे बोईसरच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. डोके ठिकाणावर आहे. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढचे वाचन चिंचणीच्या वाचनालयाने आणि मुलीच्या पुस्तकांनी शिकवले, म्हणून वकिलाचा मसुदा बाजूला ठेवून माझ्या शब्दांत लिहिते.

१. राहते घर मुलगा अंकुश आणि मुलगी रुचिता यांना निम्मे-निम्मे. बोंबील वाळवायचे बांबू अंकुशचे. समुद्रात आमची जाळे लावायची ठरलेली जागा आहे. सातबाऱ्यावर समुद्र येत नाही, पण गावाला ती ठाऊक आहे. तीही त्याचीच.

२. सोन्याची माळ रुचिताला. जरीचे लुगडे नणंद चंद्रकांता हिला. ते माझ्यापेक्षा तिला शोभले असते असे ती माझ्या लग्नात चारचौघांत बोलली होती. तीस वर्षे झाली. आता तिने नेसून बघावे.

३. पुस्तके वाचनालयाला. एक सोडून. रुचिताला बी.ए.ला सूडाचे एक जुने नाटक होते, मराठीत आणलेले. ती मोठ्याने वाचायची, मी जाळे विणता विणता ऐकायची. मग मी स्वतः सात वेळा वाचले. त्यात एका बाईचा नवरा मारला जातो. ती त्याचा रक्ताचा सदरा जपून ठेवते आणि रोज जेवताना मुलाच्या ताटाशेजारी मांडते. मुलगा मोठा होऊन मारायला निघतो आणि शेवटी कोणीच उरत नाही. परीक्षेला प्रश्न होता, पात्रांचे स्वभावचित्रण करा. रुचिताच्या वहीत नायकाला तीन पाने होती. आईपुढे लिहिले होते, 'गौण पात्र'.

मी तिला म्हटले, हे चूक आहे. नायक कुठे काय ठरवतो? ताट कोण वाढत होते ते बघ. ती हसली, म्हणाली, "आई, तुला पेपर तपासायला बसवायला हवं." त्या नाटकाचे पुस्तक तिला. समासात पेन्सिलीने लिहिलेले माझे आहे. पुसू नये.

४. आता खरे कलम.

सोळा वर्षांपूर्वी माझे पती कमलाकांत समुद्रात गेले. वाऱ्यात जाळ्याच्या खुंटाला होडी बांधलेला दोर तुटला आणि होडी खडकावर फुटली. शेजारची जागा जिवल्या मेहेरची होती. जागेवरून दोघांचे वाजलेले होते. दोर जिवल्याने कोयत्याने तोडला, असे मी पंचांना सांगितले आणि फुटक्या होडीला राहिलेले टोक दाखवले. टोक सपाट होते. जिवल्या काय बोलला ते कोणी ऐकले नाही. त्याच्या होडीवर पाय ठेवायचा नाही असे गावाने ठरवले. नारळी पौर्णिमेला त्याच्या हातात नारळ दिला नाही. पुढच्या वर्षी त्याने होडी विकली. आज तो तारापूरला एका कारखान्याच्या फाटकावर बसतो.

ते टोक मी कापले होते.

दोर झिजून तुटला होता, टोकाला कुंच्यासारखे धागे पिंजारले होते. त्या हंगामाच्या आधी कमलाकांत दोर बदलू म्हणत होते. झिजलेल्या जागी मी आमच्या खुणेचा हिरवा दोरा गच्च गुंडाळला आणि म्हटले, अजून एक हंगाम चालेल. दोर झिजला म्हटले असते तर दोष माझ्याकडे आला असता. मला ते सोसवले नाही.

अंकुश तेव्हा दहा वर्षांचा होता. दर नारळी पौर्णिमेला मी त्याला ते सपाट टोक दाखवायची. ताट वाढून झाले की दाखवायची.

मागच्या महिन्यात त्याने घरच्या कोयत्याला धार लावून आणली. मी म्हटले, जिवल्याचा दोष नव्हता रे. तो शांतपणे म्हणाला, "आये, मरताना सगल्यांना दया येते. तू हायस तवर मी गप हाय. तू गेलीस की मी मोकला." पुढचे सांगायचा मला धीर झाला नाही.

कापून टाकलेला पिंजारलेला तुकडा मी फेकला नाही. तो आणि सपाट टोकाचा, दोन्ही तुकडे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. ते अंकुशला. हिरव्या दोऱ्याचे वेढे दोन्हींवर निम्मे-निम्मे आहेत. जोडले की एक होतात. तू जन्म दोरावर काढलास, अंकुश. हातात घेऊन बघ, मग माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही.

हे कलम माझे प्रेत उचलण्यापूर्वी पंचांसमोर मोठ्याने वाचावे. ऐकून त्याला वाटले तर त्याने अग्नी द्यावा, नाहीतर रुचिताने. तो धार लावलेला कोयता माझ्या मालकीचा आहे. तो कोणाला देत नाही, माझ्याबरोबर चितेवर ठेवावा. पाते जळणार नाही. मूठ जळेल.

५. हे कलम साक्षीदार आल्यावर वाढवले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देत नाहीत. जिवल्याला देण्यासारखे माझ्याकडे काही नाही, म्हणून मी त्यालाच बोलावले. त्याने चष्मा लावून सगळे वाचले. मग म्हणाला, "वयनी, दोर मी फेकला व्हता त्याच्याकडं. हात पोचला नाय त्याचा." आणि सही करायच्या आधी म्हणाला, "मेल्यावर कशाला वाचायचा? पोरगा आज घरी येल ना?"

येईल. होडी संध्याकाळी किनाऱ्याला लागेल. डबा मी काढून ठेवला आहे. आज तो ताटाशेजारी मांडते आणि समोर बसते. त्याने मानले नाही, तर वरचे सर्व कायम.

येसूबाई कमलाकांत पागधरे (सही)

आमच्यासमोर सही केली, म्हणून आम्ही केली:
जिवल्या धर्मा मेहेर, नवापूर
हेतल सुजीत राऊत, वाचनालय, चिंचणी

नवापूर, १९ नोव्हेंबर २०२५, दुपारी