अकराव्या प्रकरणातली आई

टोकियो,
४ मार्च २०१६

ती. दादास मिसाओचा सा. न. वि. वि.

वहिनीने पाठवलेली संत्र्यांची पेटी पोचली. शेजारच्या दोन घरांत वाटली तरी उरली, ती खाऊन खाऊन सध्या माझे हात पिवळे झालेत.

आता मुद्द्याचं. नवी कादंबरी लिहून झाली. ‘बेप्पूची बोट’ हे तिचं नाव. यावेळी खून नाही, चोरी नाही आणि माझा तो बहिरा टपालवाला गुप्तहेरही नाही. त्याच्या सात पुस्तकांनी मला घर दिलं, टीव्हीवर नेलं, वहिनीला रात्र रात्र जागवलं. संपादक म्हणाले, त्याला मध्येच सोडू नका, वाचक रुसतील. मी म्हटलं, तो पेन्शनीत गेला. मी लेखिका झाले ती हे पुस्तक लिहायला. इतकी वर्षं हात बसवत होते.

पुस्तक आईवर आहे. त्रेपन्नाव्या वर्षी ती बाबांचं घर सोडून समुद्रापलीकडे गेली आणि तिने खानावळ काढली, त्यावर. छापायला जाण्याआधीची प्रत सोबत पाठवते आहे. वाच आणि कळव. रागावलास तरी कळव.

वहिनीला नमस्कार. तुझा लोभ गृहीत धरते.

तुझी,
मिसाओ


यावाताहामा,
१५ मार्च २०१६

चि. मिसाओस अनेक आशीर्वाद. वि. वि.

प्रत मिळाली. पाकीट फोडलं नाही. तुझ्या वहिनीने, किनुएने फोडलं. ती रडतेय, स्वयंपाक करतेय, मग पुन्हा वाचतेय. काल भात करपला.

तू मोठी लेखिका आहेस, ते मान्य. मी संत्र्यांच्या रोगांवरच्या पत्रकांपलीकडे काही वाचत नाही. पण गावात मला राहायचंय, तुला नाही. बाबांना जाऊन दोनच वर्षं झाली. आईचं नाव या घरात कुणी काढत नाही आणि त्यामुळे कुणाचं काही अडलेलं नाही. तुझा टपालवाला काय वाईट होता? त्याला परत कामावर घे.

उतारावरच्या दगडी बांधाचा एक भाग ढासळलाय, तो रचतोय. कंबर धरली आहे. तब्येतीला जप. लोभ कमी झालेला नाही, एवढं समज.

तुझा,
तेत्सुरो


टोकियो,
२२ मार्च २०१६

ती. दादास सा. न. वि. वि.

कंबरेला शेक दे आणि बांधाला माणूस लाव. साठीला आलास.

मी यातली एकही ओळ कापणार नाही, हे आधीच सांगते. पुस्तक चांगलं झालंय. हे मी आजवर कुठल्याच पुस्तकाबद्दल म्हटलं नव्हतं. पण तुझ्या पाठीमागे ते छापणारही नाही. संपादकांना थांबवलंय. ते म्हणाले, तुमच्या भावाला वाचायला किती वेळ लागेल? मी म्हटलं, तो चिडला की हळू वाचतो.

दरवर्षी मी बेप्पूला आईकडे जाऊन येते. परत आल्यावर तुला सांगायला लागले की तू हवामानाचं काढतोस. तू आईवर अजून रागावलेला आहेस हे मला कळतं. पण ती आता एकोणऐंशीची आहे. निदान अकरावं प्रकरण वाच, तिच्या जाण्याचं. मी तेव्हा टोकियोत शिकत होते, म्हणून ते सगळं मनाने रचलंय. ते वाचून तिच्याबद्दल थोडी माया वाटली, तर मला पुरे.

उत्तराची वाट पाहते. तुझ्या रागासकट तू हवा आहेस.

तुझी,
मिसाओ


यावाताहामा,
९ एप्रिल २०१६

चि. मिसाओस अनेक आशीर्वाद.

अकरावं प्रकरण वाचलं. दोनदा. साफ चुकलंय.

तू लिहिलंयस की ती पहाटे पावसात एकटीच, कुणाला न सांगता, रडत धक्क्यावर चालत गेली. मिसाओ, टळटळीत दुपार होती. ती चालत गेली नाही, मी तिला आपल्या छोट्या ट्रकमधून सोडलं. वाटभर ती माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवत होती. धक्क्यावर आम्ही उदोन शेवयांचे वाडगे घेतले. तिने तिचा वाडगा संपवला आणि माझ्यातलंही अर्धं खाल्लं. मी विचारलं, परत येशील का? म्हणाली, ते विचारू नकोस, तिकडे काय करणार ते विचार. आणि बोट सुटेपर्यंत ती मला खानावळीतल्या बाकांची रचना समजावत होती. डोळ्यांत टिपूस नव्हतं. रडलो मी, ट्रकमध्ये बसून.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, कुठे गेली? मी म्हटलं, माहीत नाही. ते जाईपर्यंत तेच सांगत राहिलो. त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. मी रागावलेला कधीच नव्हतो गं. बोलायला लागलो असतो तर थांबलो नसतो, म्हणून हवामान.

तिने तुला हे का सांगितलं नाही, असं तुला वाटेल. मीच तिच्याकडून वचन घेतलं होतं. वर ती म्हणाली होती, मिसाओला तर मुळीच नको, तिच्या पोटात काही राहत नाही, ती पुस्तक काढेल. बघ, काढलंस की नाही!

आता खरं लिही. माझं नाव घालायचं तर घाल. गावाला काय बोलायचं ते बोलू दे. मुलाने आईला बोटीवर सोडलं, यात लपवण्यासारखं काय आहे? मे महिन्यात मी बेप्पूला जातोय. किनुएने माझा कोट धुवायला टाकलाय.

माया आहे तशीच आहे.

तुझा,
तेत्सुरो


बेप्पू,
६ नोव्हेंबर २०१६

चि. मिसाओस पोटभर आशीर्वाद.

पुस्तक आलं. मी चष्मा लावूनही भराभर वाचू शकत नाही, म्हणून आपले नेहमीचे टॅक्सीवाले ओगाता रोज जेवण झाल्यावर एक प्रकरण वाचून दाखवतात. अकरावं नव्याने लिहिलंस ते बरं केलंस. ही बाई मला ओळखीची वाटली. तेत्सुरो सांगत होता ती आधीची रडकी कोण होती कोण जाणे. बक्षिसाच्या यादीत तुझं नाव आहे असं ओगाता म्हणतात. मिळालं तर घे, नाही मिळालं तर जेवायला ये.

तेत्सुरो मे महिन्यापासून काल तिसऱ्यांदा आला. पहिल्यांदा कोट घालून, पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसला होता. काल दुपारी गर्दी फार होती. मी काही बोलायच्या आत त्याने कोट काढला, बाह्या सारल्या आणि भांडी घासायला उभा राहिला. वाडगे चुकीचे रचत होता, ते मी दोनदा बोलले. बोलले तर हसायला लागला, लहानपणी हसायचा तसा.

कुणीतरी विचारलं, हा नवा माणूस कोण ठेवलात? इतकी वर्षं या गावात कुणी मुलांचं विचारलं की मी म्हणायचे, एक मुलगी आहे, टोकियोत असते. तेत्सुरोचं नाव बाहेर फुटून समुद्रापलीकडे तुझ्या बाबांच्या कानावर जायला नको, म्हणून. काल मी हातातला डाव खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, हा माझा थोरला.

यावर आता काही लिहीत बसू नकोस. तो पुढच्या रविवारी पुन्हा येणार आहे. तू ये.

तुझी,
आई