लाल गाडीच्या डिकीतली हिरवी वायर

बाबा, तुझी लाल गाडी गेल्या आठवड्यात माझ्या दुकानात आली होती. तुझी म्हणजे डिचोलीच्या शेटची, पण आपल्या घरात तिला कुणी शेटची म्हणत नव्हतं. रविवारी सकाळी तू आपल्या गावाहून, लाटंबार्शाहून सायकल काढलीस की आई चुलीपुढून म्हणायची, "गेलो तांबड्या बायलेकडे." गेला लाल बायकोकडे, असं. तू ड्रायव्हर होतास, मेकॅनिक होतास, आणि त्या दोन दारांच्या, जमिनीला टेकलेल्या गाडीचं सगळं काही तूच होतास. तू जाऊन अठरा वर्षं झाली. मी दुकान पेडण्यात घातलं, डिचोलीत नाही, कारण तिथं मला सगळे तुझा मुलगा म्हणून ओळखतात. इथं मी नुसता गाड्यांचा वायरिंगवाला आहे.

गाडी घेऊन शेटचा मुलगा स्वतः आला. माझ्याच वयाचा, केस माझ्यापेक्षा पांढरे. तुला 'भाऊ' म्हणायचा, अजून तेच म्हणतो. "डिकी उघडत नाही रे. पणजीत दोघांना दाखवली. एक म्हणतो लॉक बदला, ते आता कुठंच मिळत नाही. दुसरा म्हणतो पत्रा काप. शनिवारी गिऱ्हाईक बघायला येणार. भाऊंची गाडी, तूच बघ." तो मला तू म्हणाला, मी त्याला तुमी म्हणालो. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, तुझ्याकडून आपोआप आलं. भाऊंची गाडी, हे शब्द त्याच्या तोंडी इतके सहज आले की मी जळलो. मी चावी घेतली आणि ठेवून जावा म्हटलं.

तुला आठवतं का माहीत नाही, मी नऊ वर्षांचा असताना एकदा तुझा डबा घेऊन शेटच्या गॅरेजात आलो होतो. तू बॉनेटमध्ये वाकला होतास आणि शेटचा मुलगा मडगार्डवर मोजे घालून बसला होता. तू त्याला एकेक वायर बोटानं दाखवत होतास, ही लायटीची, ही हॉर्नची, आणि तो काहीतरी चुकीचं बोलला तेव्हा तू मोठ्यानं हसलास. असं हसणं मी घरी ऐकलं नव्हतं. मी पुढं होऊन पान्याला हात लावला. तू मान वर न करता म्हणालास, "हात लावू नको. घरा जा, पुस्तक घे." बल्ब आणि दोन वायरी जोडून तू एक टेस्टर केला होतास, तो तू त्याला वाढदिवसाला दिलास. मला कंपासपेटी दिलीस. त्या पेटीतल्या कर्कटकानं मी घरचा रेडिओ उघडला, आणि तुझा मार खाल्ला. पुढं जे काही शिकलो ते आयटीआयत, आणि नंतर म्हापशात एका अनोळखी माणसाच्या हाताखाली. आज मला समजतं की तुझ्या मनात माझे हात काळे होऊ नयेत एवढंच होतं. पण समजून जळणं थांबत नाही.

तर डिकी. आतलं बटण दाबलं की करंट पुढं सोडणारा रिले टक् करतो, म्हणजे बटण ठीक आणि फ्यूजही ठीक. पण मागं लॅच, डिकीचा खटका, हलत नाही. चावीचं भोक खाऱ्या हवेनं तुझ्याच काळात गंजून गेलेलं. मी सीटांच्या मागचा फळा काढतो आणि अर्धा आत शिरतो, पोटावर पडून, दातांत टॉर्च धरून. वायरींचा जुडगा बिजागरीजवळच्या रबरी नळीतून झाकणात जातो. उघडझाप होऊन तिथंच वायर तुटते, हे कुणीही सांगेल. बायको जेवायला बोलवायला आली होती, तिला पुढं बसवून बटण दाबायला सांगितलं. टेस्टर पेटला. म्हणजे लॅचपर्यंत करंट येतो, परतीची वाट नाही. अर्थिंग गेलेलं. ते शोधत मी हात सरकवला आणि एक हिरवी वायर बोटाला लागली. मूळ गाडीत हिरवी वायर नाहीच. कुणीतरी नंतर लॅचपासून बॉडीपर्यंत वेगळी ओढलेली होती, आणि जोडावर टेप नव्हता, कापडी पट्टी होती, वर मेण लावलेला दोरा, शेवटी दोन गाठी. टेपचा गोंद उन्हाळ्यात सुटतो म्हणून तू टेप वापरत नव्हतास.

वायर चांगली होती. तिच्या टोकाचा स्क्रू गंजला होता. तुझं काम, आणि त्यातली खोट मी काढली. तो स्क्रू काढून मी बाजूला ठेवला. मग वायरीचं टोक घासलं, उघड्या पत्र्याला टेकवलं.

"दाबू?" बायकोनं विचारलं.

"दाब."

डिकी वर आली. "झाला मा?" ती म्हणाली. "मग फोन कर त्येंका."

"आज नको. अजून बघूक होया."

बघायचं काही नव्हतं. नवा स्क्रू लावायला पाच मिनिटं लागली. पण गाडी मी दोन दिवस ठेवून घेतली. दुपारी शटर अर्धं ओढून तुझ्या सीटवर बसलो. तू तिथं त्याला कसा शेजारी घेऊन फिरला असशील ते डोळ्यांपुढं आणलं आणि जितकं आणलं तितका जळत राहिलो. पन्नाशीकडं चाललेला माणूस आणि हे असं, पण होतं ते असं होतं.

शुक्रवारी तो आला. बटण त्यानं स्वतः दाबलं, डिकी उघडली तसा मुलासारखा खूश झाला. मग आत वाकला. "ही हिरवी वायर अजून आहे?"

"बाबांनी घातलेली," मी म्हटलं.

"माहीत आहे. माझ्यामुळंच घातली." तो डिकीच्या काठावर बसला. "पहिली वायर मी तोडली होती, पक्कडीनं. आत पप्पांची बॅग होती, त्यांना विमान गाठायचं होतं. मी वायर तोडली आणि झाकण लावून टाकलं. भाऊंनी त्या दिवशी सुट्टी मागितली होती, पोराला वास्कोला बोटी दाखवायला नेतो म्हणाले. अर्ध्या वाटेवरून परत बोलावलं त्यांना. पप्पा माझ्याशी बोलत नसत रे. भाऊ गेले असते तर दिवसभर मी एकटाच. तुझा इतका राग यायचा मला तेव्हा. भाऊंची संध्याकाळ रोज तुला मिळायची."

बाबा, तो दिवस मला पाठ आहे. इस्त्रीचा शर्ट घालून मी गावच्या तिठ्यावर, मोरीच्या कठड्यावर बसलो होतो. तू डिचोलीत शेटला चावी देऊन येणार आणि मग आपण बस धरणार. आईनं तीनदा जेवायला हाक मारली. तू अंधारताना आलास, हात धुतलेस आणि एवढंच म्हणालास, "काम इला," काम आलं. मी विचारलं नाही, तू पुन्हा विषय काढला नाहीस.

"नंतर नेलं ना भाऊंनी तुला?" त्यानं विचारलं.

"नेलं की," मी म्हणालो. "पुढच्याच रविवारी. दिवसभर होतो. बाबांनी मला खांद्यावर घेतलं, एकेका बोटीचं नाव वाचून दाखवलं. येताना फोंड्याला उतरून भजी खाल्ली. नंतरही कितीदा गेलो." मी थांबतच नव्हतो. तो कुठं जळतो का ते त्याच्या तोंडावर बघत एकेक गोष्ट घालत होतो.

त्यानं मोठा श्वास सोडला. माझा ग्रीसनं माखलेला हात दोन्ही हातांत धरला. "बरं झालं. फार वर्षं मनात होतं." डोळे पुसत तो गाडीत बसला आणि गाडी घेऊन गेला.

बायको आत उभी राहून सगळं ऐकत होती. तू मला वास्कोला कधीच नेलं नाहीस हे तिला ठाऊक आहे. "बरा केलंस," ती म्हणाली. "त्येचा मन हलका झाला." मी हात पुसत राहिलो. हा कागदही मी कुठं पाठवणार नाही, तिलाही दाखवणार नाही. पण तुला सांगतो. त्याला बरं वाटावं म्हणून मी ते बोललो नव्हतो.